करारातलं ‘फोर्स मॅज्युअर’: शब्द आला कुठून, आणि तो लिहिला की बिल्डर सुटतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ एका प्रकल्पात फ्लॅट घेतला. करारनामा ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवला आणि ताब्याची तारीख डिसेंबर २०२३ लिहिली होती. आता बिल्डरचं पत्र आलंय की ‘फोर्स मॅज्युअर’ कारणांमुळे ताबा दीड वर्ष पुढे ढकलावा लागतोय. पत्रात पाच कारणं आहेत: कोरोना, अतिवृष्टी, सिमेंट-पोलादाची भाववाढ, मजुरांची टंचाई आणि महापालिकेने काम थांबवण्याची दिलेली नोटीस. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. हा शब्द कुठल्या भाषेतला, त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो वापरला की बिल्डरची जबाबदारी संपते का?

मी वकील आहे. करारनामे लिहिणं आणि त्यांवरून उठलेले वाद लढवणं हेच रोजचं काम. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण या शब्दाचा अर्थ विचारतो, पण त्याची अडचण अर्थाची नसते. हा शब्द पत्रात आला की कायद्याने काहीतरी आपोआप घडतं, अशी भीती मनात बसलेली असते. तसं काही घडत नाही. तुमच्या करारातल्या कलमात काय लिहिलंय आणि त्यातल्या कोणत्या कारणाने काम प्रत्यक्षात किती दिवस अडलं, यावर सगळं ठरतं. माझं मत तुमच्या सांगण्यावर आधारलेलं आहे. कलमाचा पूर्ण मजकूर आणि ती नोटीस मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर ‘असं असेल तर’ असंच द्यावं लागेल.

शब्द फ्रेंच आहे. ‘फोर्स’ म्हणजे बळ आणि ‘मॅज्युअर’ म्हणजे वरचढ, अधिक मोठं. आपल्या कोर्टांत कुणी मेजर म्हणतं, कुणी मॅज्युअर, दोन्ही चालतं. फक्त ‘मेजर’ ऐकून ‘मोठी घटना’ असा अर्थ लावू नका. ज्याने शब्द दिला त्याच्या ताकदीपेक्षा वरचढ ठरलेली ताकद, असा त्याचा अर्थ आहे. घटना कितीही मोठी असली, तरी तुमच्या कामावर ती वरचढ ठरली नसेल तर उपयोग नाही. पत्रातलं अर्धं गणित इथेच सुटतं.

फ्रेंचांनी हा शब्द लॅटिनवरून घेतला. रोमन कायद्यात ‘विस मायोर’ म्हणत, तेच हे वरचढ बळ. तिथला मूळ वाद आपल्या माणसाला लगेच कळेल असा आहे, कारण तो कूळ आणि जमीनमालक यांच्यातला आहे. पीक बुडालं तर कुळाने खंड द्यायचा का? सम्राट जस्टिनियनच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये, जुन्या रोमन कायदेपंडितांच्या मतांचा जो संग्रह झाला त्यात उल्पियनने सर्व्हियस या त्याच्याही आधीच्या पंडिताचं मत दिलंय. ज्या बळाला तोंड देताच येत नाही त्याचं नुकसान मालकाने सोसावं, असं तो म्हणतो. उदाहरणं काय दिलीत पाहा: नदीचा पूर, कावळ्यांच्या आणि साळुंक्यांच्या जातीतल्या पाखरांच्या झुंडी, शत्रूची धाड. सोलापूरकडे ज्वारीवर भोरड्या उतरलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना पाखरांचं नाव तिथे का आलं ते सांगावं लागणार नाही. आणि लगेच पुढे तो म्हणतो की दोष वस्तूतच निर्माण झाला असेल, म्हणजे दारू आंबली, पिकात किडे पडले, तण माजलं, तर ते नुकसान कुळाचं.

बाहेरून कोसळलेलं एकीकडे आणि आपल्या हातातल्या कामातून उपजलेलं दुसरीकडे, ही रेघ तेव्हा मारली गेली. आजही कोर्टात भांडण याच रेघेवर होतं.

फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळात १८०४ साली नागरी संहिता आली. तिच्या ११४८व्या कलमात ‘फोर्स मॅज्युअर’ हे शब्द थेट आले: अशा बळामुळे किंवा आकस्मिक घटनेमुळे करार पाळता आला नाही, तर नुकसानभरपाई मागता येणार नाही. २०१६ साली फ्रान्सने करारांचा कायदा नव्याने लिहिला. आता १२१८व्या कलमात कसोट्या स्पष्ट दिल्यात. घटना शब्द देणाऱ्याच्या ताब्याबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज बांधणं रास्तपणे शक्य नसावं, आणि योग्य ती काळजी घेऊनही तिचे परिणाम टाळता येऊ नयेत. अडथळा तात्पुरता असेल तर काम तेवढ्यापुरतं थांबतं, करार मोडत नाही.

एक फ्रेंच खटला मी अशिलांना मुद्दाम सांगतो, कारण भाववाढीची सबब त्यात आरपार तपासली गेली. दक्षिण फ्रान्समध्ये क्रापोन नावाचा कालवा आहे. त्याच्या पाण्याचा दर सोळाव्या शतकातल्या करारांनी ठरला होता, ठरावीक जमिनीमागे तीन सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणी. तीनशे वर्षांनी त्या पैशात कालव्याची देखभालसुद्धा होईना. मालक कोर्टात गेले. १८७६ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दर वाढवून द्यायला नकार दिला. काळ कितीही लोटला आणि परिस्थिती कितीही पालटली, तरी दोघांनी मिळून ठरवलेली अट न्यायाधीश बदलणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तोट्यात गेलेला करार अशक्य झालेला नसतो. ज्या देशाने जगाला हा शब्द दिला तिथेच महागाईला त्यात जागा मिळाली नाही. अशा हलाखीसाठी फेरवाटाघाटीची वेगळी तरतूद फ्रेंच कायद्यात आली ती थेट २०१६ मध्ये, आणि तीही वेगळ्या कलमात.

आता इंग्रजांकडे. त्यांच्या कायद्यात ही कल्पना मुळात नव्हतीच. १६४७ सालच्या एका खटल्यात यादवी युद्धात प्रिन्स रूपर्टच्या सैन्याने जमीन बळकावून कुळाला हाकललं होतं, तरी कोर्टाने त्याला खंड भरायला लावला. तू शब्द दिलास, करारात सूट लिहून घ्यायला हवी होतीस, हा तिथला विचार. तो सैल झाला १८६३ साली. लंडनच्या सरे गार्डन्समधलं संगीतगृह चार कार्यक्रमांसाठी ठरवलं होतं आणि पहिल्या कार्यक्रमाच्या काही दिवस आधी ते जळून खाक झालं. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दोन्ही बाजूंना करारातून मोकळं केलं. निकालात त्यांनी रोमन कायद्याचा आणि पोतिए या फ्रेंच पंडिताचा आधार घेतला. नेपोलियनची संहिता ज्यांच्या लिखाणावर उभी राहिली त्यांतले हे पोतिए. थोडक्यात, इंग्रजी कायद्याने मदत फ्रान्सकडूनच घेतली.

तरीही ‘फोर्स मॅज्युअर’ हा इंग्रजी कायद्याचा सिद्धांत झाला नाही. व्यापाऱ्यांनी तो करारात लिहायला सुरुवात केली आणि न्यायाधीशांना त्याचा अर्थ लावत बसावं लागलं. १९१५ सालचा जहाजबांधणीचा खटला माझ्या फार आवडीचा आहे. जहाज वेळेवर मिळालं नाही. बांधणाऱ्याने कारणांची लांबलचक यादी पुढे केली, अगदी तुम्हाला आलेल्या पत्रासारखी. न्यायमूर्ती बेलहाश यांनी एकेक कारण घेऊन निवाडा केला. देशभरातल्या कोळसा संपामुळे झालेला खोळंबा चालेल. यंत्र मोडलं तेही चालेल. पण खराब हवामान, फुटबॉलचे सामने आणि कुणाच्यातरी अंत्ययात्रेला गेलेले कामगार, ही कारणं चालणार नाहीत. कामात अशा गोष्टी नेहमीच येतात आणि तारीख देतानाच त्यांचा हिशेब धरायचा असतो. इंग्लंडात पावसाने काम थांबणं जसं नेहमीचं, तसा आपल्याकडे जून ते सप्टेंबर. पत्रं वाचण्याची पद्धत मी याच निकालावरून घेतली आहे: यादी एकगठ्ठा वाचायची नाही, प्रत्येक कारण सुटं करायचं.

भारतातही पाया तोच. १८७२च्या करार कायद्यात हा शब्द नाही. करारात असं कलम असेल तर कायद्याचं ३२वं कलम लागतं, म्हणजे दोघांनी जे ठरवलंय तेच अमलात येतं. करार गप्प असेल आणि काम खरोखर अशक्य झालं असेल तर ५६वं कलम लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मुंबईच्या कापूस व्यापाराच्या एका वादात याचा अर्थ लावला. आफ्रिकन कापसाच्या त्या सौद्यात ‘नेहमीचं फोर्स मॅज्युअर कलम’ लागू राहील, एवढंच मोघम लिहिलेलं होतं. न्यायालय म्हणालं की व्यापारात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे करार संदिग्ध ठरत नाही. हा शब्द ‘देवाची करणी’ यापेक्षा व्यापक आहे, हेही तिथे स्पष्ट झालं.

हा फरक मराठी माणसाला समजावायला सोपा आहे, कारण ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी आपल्याकडे पूर्वापार आहे. भूकंप, पूर, वीज ही अस्मानी, आणि देवाची करणी म्हणजे तेवढीच. फोर्स मॅज्युअरमध्ये अस्मानी तर येतेच, शिवाय सुलतानीही येऊ शकते: युद्ध, दंगल, सरकारी बंदी, कोर्टाचा मनाई हुकूम. ‘येऊ शकते’ म्हणायचं कारण इतकंच की कोणती यावी ते कलमाची भाषा ठरवते.

फ्लॅटच्या बाबतीत १९५४ सालचा सत्यव्रत घोष खटला ध्यानात ठेवा. कलकत्त्यात १९४० साली एकाने १०१ रुपये इसार देऊन भूखंड ठरवला. पुढे महायुद्धात सरकारने ती जमीन ताब्यात घेतली. विकणाऱ्या कंपनीने परस्पर ठरवलं की करार आता अशक्य झाला. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. जमीन तात्पुरती घेतली होती, करारात रस्ते-नाल्यांच्या कामाला मुदत नव्हती, आणि युद्ध चालू असतानाच सौदा झाला होता, तेव्हा अडचणी येणार हे दोघांना दिसतच होतं. खरेदीदाराचा हक्क शाबूत राहिला.

भाववाढीबद्दल आपलीही कोर्टं तितकीच कडक आहेत. २०१७ साली मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांच्या वादात इंडोनेशियाच्या कायद्यातल्या बदलामुळे कोळसा महागला, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने ते फोर्स मॅज्युअर मानलं नाही. आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, दक्षिण कोरियातून पोलाद मागवणाऱ्या आयातदारांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. तिथलं एक कारण फार शिकवणारं आहे. करारात कलम होतं, पण ते फक्त विकणाऱ्याला संरक्षण देत होतं. खरेदीदारांना त्याचा आधार नव्हता. म्हणून कलम वाचताना कारणांच्या आधी ‘सूट कुणाला दिलीय’ हे पाहायचं.

इतकं हाताशी धरून आता तुमचं पत्र घेऊ.

कोरोना. तुमचा करार ऑगस्ट २०२१ चा आहे. दोन लाटा येऊन गेल्या होत्या, टाळेबंदी काय असते ते बिल्डरने अनुभवलं होतं, आणि तरी त्याने डिसेंबर २०२३ ही तारीख स्वतःहून लिहून दिली. मार्च २०२० नंतर केंद्राच्या सूचनेवरून महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, प्रकल्पांच्या मुदती सहा महिने वाढवल्या होत्या, पण त्या सवलतीही तुमच्या सहीच्या आधीच्या. तारीख देताना त्या हिशेबात धरलेल्याच असणार. २०१९ चा करार असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

अतिवृष्टी. पावसाळा दरवर्षी येतो. पुरात साइटचं नुकसान झालं असेल, पंचनामा असेल, तर तेवढ्या दिवसांचा विचार करावा लागेल. नुसतं ‘पाऊस जास्त होता’ म्हणून काही मिळत नाही.

भाववाढ. यावर वर पुरेसं आलंय. तिने बिल्डरचा नफा कमी होतो, स्लॅब पडायचा थांबत नाही.

मजुरांची टंचाई. बहुतेक वेळा हा बिल्डर आणि त्याचा कंत्राटदार यांच्यातला मामला असतो. मजूर मिळवणं, टिकवणं, वेळेवर पगार देणं हे त्यांच्या हातातलं काम. सर्व्हियसच्या भाषेत सांगायचं तर हे पिकातलं तण.

महापालिकेची नोटीस. पाचांपैकी वजन असलेलं कारण एवढंच, त्यामुळे सगळा वेळ इथे घाला. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात ताब्याच्या कलमाला जोडून सवलत दिलेली असते. एकीकडे युद्ध, नागरी दंगल किंवा देवाची करणी. दुसरीकडे सरकार, सक्षम प्राधिकरण किंवा कोर्ट यांची नोटीस, आदेश, नियम, अधिसूचना. पुन्हा अस्मानी आणि सुलतानीच. त्यामुळे ‘नोटीस’ हा शब्द तुमच्या करारातही बहुधा असेल, आणि बिल्डर त्यावरच बोट ठेवणार. म्हणून नोटीस का निघाली ते शोधा. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम केलं, सुरक्षेचे नियम पाळले नाहीत, शुल्क थकवलं, म्हणून निघाली असेल तर ते संकट त्याने स्वतः ओढवून घेतलंय. आपल्याच चुकीने आलेल्या आदेशाचा फायदा घेता येणार नाही, असं मी अशा वेळी ठामपणे मांडतो. त्या परिसरातल्या सगळ्याच बांधकामांना आदेश लागू असेल, तर कारण खरं आहे. पण तेव्हाही सवलत वाजवी मुदतीची, म्हणजे आदेश जितके दिवस लागू होता साधारण तितकीच. तीन महिन्यांच्या बंदीवर दीड वर्ष उभं राहत नाही.

इथे एक गुंता नेहमी होतो. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा केंद्रीय कायदा, त्याच्या ६व्या कलमात फोर्स मॅज्युअरची व्याख्या आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा प्रकल्पाच्या कामावर परिणाम करणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती. ती प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवण्यासाठी आहे. बिल्डर म्हणेल, ‘महारेराने मुदत वाढवून दिलीय, आता तक्रार कसली?’ नोंदणी वाढली म्हणून तुमच्या करारातली तारीख आपोआप सरकत नाही. १८व्या कलमाखालचा तुमचा हक्क करारातल्या ताब्याच्या तारखेवरून मोजला जातो. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात. फ्लॅट हवाच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज. महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या कर्जव्याजाचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के असा आहे. दोन्हींतलं काय निवडायचं हे तुमच्या कर्जावर, सध्याच्या भाड्यावर आणि इमारत किती वर आलीय यावर अवलंबून आहे. ते लांबून सांगणं बरोबर नाही.

करारनाम्यात फोर्स मॅज्युअरच्या यादीत बिल्डरने आपल्या सोयीची जादा कारणं घुसवली असतील, उदाहरणार्थ ‘साहित्याचा तुटवडा’ किंवा ‘बिल्डरच्या ताब्याबाहेरचं कोणतंही कारण’, तर तेही तपासून घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने हे कलम नमुना करारातल्या न बदलता येणाऱ्या कलमांत घातलं. तुमचा करार त्याआधीचा आहे, त्यामुळे घुसवाघुसवीची शक्यता जास्त. असं कलम असलं म्हणून घाबरू नका, पण वकिलाला ते पहिल्याच भेटीत दाखवा.

आता लगेच करायची कामं. पत्राला लेखी उत्तर द्या, ईमेल आणि नोंदणीकृत टपाल दोन्हींनी. प्रत्येक कारणासाठी तीन गोष्टी मागा: घटनेची तारीख, तिचा कागद, आणि तिच्यामुळे साइटवर प्रत्यक्ष किती दिवस काम बंद होतं. नोटिशीची प्रत बिल्डरने दिली नाही तर महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि तिमाही प्रगतीचे आकडे उतरवून ठेवा. काम बंद होतं असं बिल्डर ज्या महिन्यांबद्दल म्हणतो, त्याच महिन्यांत त्याने काम पुढे सरकल्याचं स्वतःच नोंदवलेलं असेल, तर तुमच्या बाजूने याहून चांगला पुरावा नाही.

आणि पत्रासोबत ‘सुधारित ताबा तारखेस माझी संमती आहे’ असा एखादा कागद आला असेल, किंवा पुढचा हप्ता घेताना पावतीवर तशी ओळ छापलेली असेल, तर त्यावर सही करू नका. आधीच केली असेल तर कधी आणि कशी केली ते लिहून कळवा, मग पुढचं सांगता येईल.